धुरळा अडवणारी खिडकी

बायकोचा खोकला थांबावा म्हणून मी खिडकी बदलली. दुसरं कारण नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागूनच आमचं घर, आणि मी तिथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. चहूकडे माग, त्यामुळे सुताचा पांढरा धुरळा हवेत असतोच. डॉक्टर म्हणाले, "घरात धूळ येऊ देऊ नका." झोपायच्या खोलीतल्या खिडकीची लाकडी चौकट वाळवीनं खाल्लेली, उन्हानं वाकलेली, फटीतून बोट जायचं. म्हटलं, सापडला चोर!

लोखंडी बसवावी तर मे महिन्यात हात लावायची सोय नाही. अ‍ॅल्युमिनियमचंही तेच की. पुण्याच्या पाहुण्यांकडे फायबरच्या चौकटी पाहिल्या होत्या. वाळवी नाही, गंज नाही, पावसात फुगत नाही, उन्हात वाकत नाही. लावून घेतली की गच्च. आमच्या सुताराला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "फायबर? ते संडासाच्या दाराला असतंय की, मालक!"

हसू दे म्हटलं. पण पुढं अडचणी निघाल्याच. लाकूड जरा मोठं झालं तर रंधा मारता येतो, ह्याला नाही. आणि आमच्या भिंती कुठं सरळ? माप बोटभर चुकलं, चौकट परत पुण्याला गेली आणि दीड महिना आम्ही खिडकीला पोतं लावून बसलो. एक बिजागरी बिघडली तर गावात कुणी हात लावायला तयार नाही. भोकं पाडताना उडालेल्या भुशानं सुताराचे हात दोन दिवस खाजत होते, शिव्या मात्र मला. जीव मेटाकुटीला आला. बसली बाई एकदाची!

मग मी खिडकी उघडायलाच बंदी केली. उन्हाळ्यात खोलीची भट्टी व्हायची. बायको म्हणायची, "अहो, जरा तरी उघडा, घुसमटतंय." मी खेकसायचो, "एवढी मरमर करून बसवली ती काय उघडी टाकायला?" पाळी संपवून घरी आलो की मी इतका गळून गेलेला असायचो, की तशाच कपड्यांनी पलंगावर आडवा व्हायचो. ती पाणी आणून द्यायची आणि खोकत स्वयंपाकघरात जायची.

खोकला काही हटेना. एका रविवारी सकाळी खिडकीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, तर बोट पांढरं! माझं डोकंच सटकलं. सुताराला बोलावून घेतलं आणि दारातच सुरू झालो, "ठेवलीत ना शेवटी फट? एक काम धड करता येत नाही?"

त्यानं देवघरातली उदबत्ती मागून घेतली, पेटवली आणि चौकटीच्या कडेकडेनं सावकाश फिरवली. धूर सरळ वर जात राहिला.

"कुटनंच वारा येत न्हाय, मालक. खिडकी गच्च हाय."

मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. पलंगाशेजारच्या खुंटीला माझा कालचा कामावरचा शर्ट होता. त्यानं तो काढला आणि काचेतून येणाऱ्या उन्हात एकदाच झटकला.

उन्हात पांढरं पांढरं उडायला लागलं. बायको दाराशी उभी होती. तिनं सवयीनं पदर नाकाला लावला. सुतार शर्ट परत खुंटीला लावून निघून गेला. मला फार लाज वाटली. त्याला बोललो त्याची तर वाटलीच.

"तुला ठाऊक होतं?" मी तिला विचारलं.

"कपडे मीच धुते की. बादलीच्या तळाला काय बसतं ते रोज बघते."

"मग बोलली का नाहीस?"

"किती दमून येता तुम्ही," ती म्हणाली. "दारातच कसं अडवायचं?"

मी कारखान्यात लागलो त्याला किती वर्षं झाली, ते मोजायची मला हिंमत होत नाही. आता मी अंगणातल्या नळावर अंग धुऊन, कपडे बदलूनच घरात पाऊल टाकतो. ती टॉवेल घेऊन उभी असते, आमच्याच कारखान्यातला. खिडकी उघडी असते. खोकला अजून आहे.