सात पुडकी घेऊन माहेराकडे

ये वं बाई, अशी जवळ येऊन बस. तिकडं खिडकीत कावून बसली? आल्यापासून ऐकून राहिली मी, "रस्त्यात कंटाळा आला, रस्त्यात कंटाळा आला." पक्का रोड, गाडीत थंडी हवा, आणि तोंड एवढं लांब! काही वाटते का? आमाले मोटारीत कंटाळायले फुरसतच नव्हती. आम्ही चिडत होतो. कसं, ते ऐक.

तेव्हा भिलाईत पहिल्या भट्टीचं काम चालू होतं. जिकडं पाहावं तिकडं लाल माती आणि लोखंड. तुह्या आजीचं, म्हणजे माह्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, लाखनीजवळ आमच्या गावी. आमचे हे प्लांटात फिटर. सुट्ट्या बंद. रडतपडत भेटली ती लग्नाच्या दिवसाचीच सुट्टी. बहिणीनं चिठ्ठी धाडली होती, "ताई, बोहल्यावर माह्या मागे करवली म्हणून तूच उभी राहायची. दुसरं कोणी मले चालणार नाही." मी उत्तरात लिहिलं, "येतो म्हणजे येतोच."

मग यांच्या ओळखीच्या ठेकेदारानं एका दिवसासाठी जीप देऊ केली. हे स्वतः चालवणार, मी बाजूले बसणार! मले ते पोटात ठेवता आलं नाही. सकाळी नळावर सांगितलं, संध्याकाळी पुन्हा सांगितलं. आमच्या क्वार्टरच्या लाइनीत सगळ्या भंडाऱ्याकडच्या बाया. एकीनं म्हटलं, "त मग माह्या आईले एवढं लोणचं नेता का?" मी म्हटलं, "आण न, त्यात काय!" निघायच्या वेळी जीपमध्ये सात पुडकी होती.

पहाटे पाचले निघालो. राजनांदगाव मागे पडलं, जंगल लागलं. मोहाच्या फुलांचा तो गोड वास, गार वारा, पदर काही डोक्यावर थांबत नव्हता. हे कधी घरात गुणगुणले नाहीत, तिथं गुणगुणून राहिले होते. मले वाटलं, हा रस्ता संपूच नये. बस, तेवढंच सुख.

देवरीले पहिलं पुडकं. मी म्हटलं, देतो आणि निघतो. पण लेकीकडून आलेल्या माणसाले कोणी उभ्या उभ्या जाऊ देते? पोहे झाले, चहा झाला. "पोरगी वाळली का? जावई रागावते का? तिथं पाणी कसं आहे?" दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, आणि तिथं जायले तीन मैल बैलगाडीची वाट.

चौथ्या घरी एक म्हातारी. पुडक्यात लेकीची चिठ्ठी निघाली.

"वाचून दाखव व माय."

वाचली.

"आणखी एक डाव वाच."

पुन्हा वाचली.

"आता याचं उत्तर लिहून दे."

"आजी, माह्या बहिणीचं लग्न आहे आज! मी तिची करवली!"

"हो का? त मग तेही लिही. माह्या लेकीले बरं वाटंल."

लिहिलं. काय करता? बाहेर येऊन मी यांच्यावर उखडली, "तुम्ही हॉर्न त वाजवायचा!"

हे थंडपणे म्हणाले, "नळावर भाषण कोणी दिलं होतं?"

सूर्य डोक्यावर आला, उतरायले लागला. तिकडं अक्षता पडल्या असतील, माह्या जागी कोणतरी उभं असेल, हे मले कळून राहिलं होतं. पाचवं पुडकं मी जीपमधूनच ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "चला!" साकोलीले सहावं तसंच ठेवायले गेली, त ती बाई जीपच्या पुढंच उभी राहिली. "माह्या लेकीच्या शेजारची तू, आणि उपाशी जाशील?" तिनं ओंजळभर चिवडा माह्या हातात कोंबला तेव्हाच बाजूले झाली. सकाळच्या पोह्यावर काही नव्हतं पोटात. रागारागानं खाल्ला. सातवं पुडकं तसंच परत आणलं. ज्या शेजारणीचं होतं, ती महिनाभर माह्याशी बोलली नाही, ते वेगळंच.

गावाच्या वेशीपाशी पोहोचलो, त वऱ्हाडाची मोटार सुरू होऊन उभी होती. वरपक्ष जगदलपूरचा. तेवढ्या दूर गेलेली पोरगी वर्ष दोन वर्षं दिसायची नाही. मी पळत गेली, खिडकीतून तिचा हात धरला. ड्रायव्हर ओरडून राहिला होता, "बाई, सोडा!" रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं माह्याकडं नीट पाहिलं, हात सोडवला, आणि बोटानं माह्या हनुवटीवरचा चिवड्याचा पोहा काढला.

"मी सकाळपासून रस्ता पाहून राहिली," ती म्हणाली, "आणि तू खात खात आली."

मोटार गेली. सात पुडक्यांची गोष्ट सांगायले मले दोन वर्षं थांबावं लागलं. सांगितली तेव्हा ती हसली, पण पूर्ण नाही हसली. माह्या पोरीच्या लग्नात चार दिवस आधी येऊन बसली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "वेळेवर असं येतात."

आता तिचे गुडघे गेले, माहे डोळे गेले. फोनवर दोघी ओरडतो, अर्धं ऐकू येत नाही. तुले गाडी चालवता येते न? मग तिले पुढच्या सीटवर बसव आणि घेऊन ये. दिवाळीची वाट नको पाहू. या महिन्यातच येजो, बाई.