साडूंचा गावठी गुलाब

झाडावरचं फूल तोडण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत सापडायचा नाही. कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते तेव्हा त्यांच्या नुसत्या बुटांच्या आवाजानं कामगार चिडीचूप व्हायचे. पण रिटायर झाल्यावर बदलापूरच्या नर्सरीतून गावठी गुलाबाचं रोप आणून बिल्डिंगमागच्या वीतभर जागेत लावलं, आणि गृहस्थ पार विरघळला. आणताना म्हणे रोप मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते आणि दर खड्ड्याला ओरडत होते, "अहो, सांभाळून! लहान आहे!" रिक्षावाला बिचारा आरशात बाळ शोधत राहिला.

हा सगळा खटाटोप ताईंसाठी. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. साखरेच्या आजारापायी त्यांची दृष्टी गेली, आणि एकदा त्या सहज बोलून गेल्या, "सकाळ झालेली कळतच नाही हो मला." झालं! वासाचा आणि बारा महिने फुलणारा गुलाब शोधताना साडूंनी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत एक नर्सरी सोडली नाही. मग रोज सातला ताईंना हात धरून खाली न्यायचं आणि उमललेल्या फुलात नाक घालायला लावायचं. "त्यापेक्षा फूलच तोडून वर न्या की," असं मी एकदा सुचवलं. कुणाचा कान कापायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चोरी मात्र व्हायची. दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधी मावशी पूजेसाठी पिशवी भरून फुलं न्यायच्या, ताईंपुरती दोन-तीन कशीबशी उरायची. शेवटी साडूंनी जाळी ठोकली आणि पाटी लावली, 'फुले तोडणाऱ्याकडे देव बघत आहे.' मावशी यायच्या बंद झाल्या, आणि महिन्याभरात झाडही फुलायचं बंद झालं! जुनी फुलं जागच्या जागी सुकली, त्यांना फळं धरली, नवी कळी म्हणून नाही. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, जुनं काढल्याशिवाय नवं कसं येणार? इतके दिवस कोण काढत होतं?"

इकडे ताई रोज नुसती पानं हुंगून वर येत होत्या. साडूंनी जाळी उपटली आणि दुसऱ्या मजल्याची बेल वाजवली. "मावशी, उद्यापासून पूर्वीसारखी चोरी करा, प्लीज."

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "अब बुलाने आए हो, भाईसाब? बोर्ड पे तो भगवान को बिठाया था!" पण बाई मनाची मोठी. दुसऱ्याच दिवशी येऊन सुकलेलं सगळं खुडून गेली, आणि चार-पाच आठवड्यांत झाड पुन्हा कळ्यांनी भरलं.

यंदा ताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिना उतरणं संपलं. परवा सकाळी गेलो तर साडू कात्री घेऊन झाडापाशी उभे. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि कात्री चालवली. फूल ओंजळीत घेऊन ते एकेक पायरी जपून जिना चढले. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू?

ताईंनी फूल हुंगलं, मग बोटांनी देठ चाचपला.

"तुम्ही तोडलंत?"

"हो."

"फार दुखलं का हो तुम्हाला?"

साडूंनी होकारार्थी मान हलवली. ताईंना ती दिसणार नव्हती, पण त्यांनी चाचपडत साडूंचा हात शोधला आणि तो धरून बसल्या.