दारांच्या कारखान्याला दार नाही

आमचा कारखाना दारं बनवतो आणि आमच्याच कारखान्याला दार नाही. धामापूरच्या रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस गाडी थांबवून मला हे सांगतो. (मला माहीतच नाही ना!)

याला कारण माझा धाकटा भाऊ बाळगो. वाडीतल्या, पण नोकरीला मुंबईत असलेल्या एका चाकरमान्याने नव्या घराची सगळी दारं आमच्याकडे दिली होती. ती चतुर्थीआधी बसायला हवी होती. गणपती काही कोणासाठी थांबत नाहीत, आणि आम्हाला जमलं नाही तर काम कुडाळच्या कारखान्याकडे जाणार होतं. दारांच्या कडांना नक्षी हवी, म्हणजे यंत्र हवं. मी म्हटलं, शेपर घेऊ. भलंमोठं लोखंडी टेबल, मधोमध पातं फिरतं, फळी सरकवली की कड तयार. बाळगोला हवा होता राऊटर. म्हणजे तसलंच पातं, पण हातात धरून फळीवर फिरवत बसायचं. मी म्हटलं, त्यापेक्षा दातांनी कोर. तिथून आमचं बोलणं बंद झालं. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही माझ्या बायकोमार्फत एकमेकांकडे खिळे मागत होतो.

आमच्याकडे असं काही अडलं की ग्रामदेवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार. मी गुपचूप गेलो, गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि उजवी कळी टपकन पडली. मी देवळाच्या पायरीवरूनच फोन करून शेपर मागवला. घरी येऊन बघतो तर बाळगो राऊटरचं खोकं फोडत बसलेला. तोही आदल्या दिवशी गुपचूप कौल घेऊन आला होता, आणि त्यालाही उजवीच!

मी तणतणत गुरवाकडे परत गेलो. देवीच्या पुढ्यात बसून भावाभावांत भांडणं लावतोस काय, असंही बोलून गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू येवन तुझा इचारलंस, बाळगो येवन आपला इचारून गेलो," तो म्हणाला. "दोघांतला खंयचा घेवचा, ता देवीक कोणी इचारल्यानच नाय. तिना तरी काय सांगूचा?"

ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो.

शेपर आला. टेम्पोतून उतरवला आणि कारखान्याच्या दारात अडकला. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, चौकट चार बोटं कमीच पडत होती. वरून पाऊस. माझी बायको पडवीत उभी राहून मजा बघत होती.

"ह्या दार कोणी केल्यानी?" तिने विचारलं.

दार मीच केलं होतं. हत्ती धडकला तरी ही चौकट हलायची नाही, असं मी वाडीभर सांगत फिरलो होतो. आता ती खरोखरच हलत नव्हती. शेपर प्लास्टिक पांघरून घरापुढच्या खळ्यात राहिला आणि त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

दारं बाळगोने राऊटरवर केली. मी काय केलं? फळ्या धरल्या. "दादा, फळी जरा सरळ धर," हे इतक्या दिवसांनी त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण चतुर्थी तोंडावर होती, त्यामुळे सरळ धरली. दारं वेळेत बसली. चाकरमान्याने कडांवरून हात फिरवला, बाळगोची पाठ थोपटली आणि मला म्हणाला, भाऊ हुशार आहे हो तुमचा. मी घरी आलो, घण उचलला आणि माझी चौकट माझ्याच हातांनी फोडली. शेपर आत गेला.

आता नव्या दाराच्या फळ्या कापून पडल्या आहेत, पण त्यांच्या कडा शेपरवर करायच्या की राऊटरवर, हे काही ठरत नाही. परवा आम्ही दोघे मिळून कौल लावायला गेलो, यावेळी नीट विचारू म्हणून. आम्हाला एकत्र येताना पाहिलं आणि गुरवाने देवळाचं दार आतून लावून घेतलं. तेही दार माझ्याच हातचं. मी किती ढकललं, जरासुद्धा हललं नाही.