एकशे पंचेचाळीसची तार

“काका, हीपण मेली,” नितीन म्हणाला आणि त्याने सहा तारांचा बास माझ्या टेबलावर आडवा केला. त्यातली सर्वांत जाड तार नऊ दिवसांपूर्वी मीच बसवली होती.

मी मुलुंडला घरच्या घरी गिटार दुरुस्त करतो. त्याआधी विक्रोळीच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. नितीन बँकेत असतो आणि शनिवार-रविवार जुन्या गाण्यांच्या एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. बास म्हणजे गाण्याच्या तळाशी जो जाड आवाज चालतो तो. नेहमीच्या बासला चार तारा असतात. नितीनने यंदा सहा तारांचा घेतला. त्यात नेहमीच्या चारांपेक्षा एक तार आणखी जाड असते आणि एक आणखी बारीक. त्याच्या ऑर्केस्ट्रातल्या गाण्यांना चार पुरतात. हे मी त्याला एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, “रेंज असावी ना, काका.”

तार मेली म्हणजे तुटली असं नाही. चांगली तार छेडली की आवाज घुमत राहतो. मेलेली तार ‘ढुप्’ करते आणि गप्प बसते. नितीनची सर्वांत जाड तार तशी झाली होती.

पहिल्या वेळी त्याच्याबरोबर ऑर्केस्ट्राचे मालक आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे कणकवलीकडचे, आता कांदिवलीत. आल्या आल्या त्यांनी निदान केलं.

“बास वाजता की म्हशीक खोकलो झालो, कळणा नाय. तार बारीक आसा. जाड घाल.”

मी मोजलं. तार एकशे तीसची होती, म्हणजे जाडी एक इंचाचे एकशे तीस हजारांश, साधारण ३.३ मिलिमीटर. सुरात लावल्यावर तिचा ताण साडेपंधरा किलोच्या आसपास येत होता. बाकीच्या पाचांचा अठरा ते तेवीस. म्हणजे ही तार खरंच सैल होती. हिशेब अण्णांच्या बाजूने निघाला. मी एकशे पंचेचाळीसची घातली, ताण साडेएकोणीस झाला. जाड तार बसावी म्हणून नटची खाच रुंद केली. नट म्हणजे मानेच्या टोकाची हाडाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा खाली उतरतात. खाच एकदा घासली की घासली. मी बेलाशक घासली. आकडे जुळले होते.

आणि आता नऊ दिवसांत तीही मेली.

“अण्णा काय म्हणाले?” मी विचारलं.

“रविवारी घाटकोपरला शो आहे. तोपर्यंत आवाज आला नाही तर मला घरी बसवणार. कीबोर्डवाल्याचा डावा हात रिकामाच असतो म्हणाले. त्यावर बास वाजवून घेतील.”

नितीन तिथे अकरा वर्षं वाजवत होता. तो हे हसून सांगत होता, पण हसू नीट जमत नव्हतं.

“एकशे साठची घालू या का? एका व्हिडिओत दाखवलंय.”

“पुढच्या वेळी लिफ्टचा दोर लावू. बास ठेवून जा.”

तो गेल्यावर मी जाडी पुन्हा मोजली. ३.६८. ताण बरोबर. तारेची उंची बरोबर. मान सरळ. कागदावर तार ठणठणीत होती, कानाला मेलेली.

मळ बसलेली तार उकळून घेण्याची बासवाल्यांची एक जुनी पद्धत आहे. नऊ दिवसांत असा मळ बसत नाही, पण एखादी शक्यता तपासायची राहिली तर मला झोप येत नाही. मी तार पातेल्यात घालून दहा मिनिटं उकळली. पाणी लालसर झालं. मी वहीत लिहिलं : गंज. कारण : खाडीची दमट हवा.

तेवढ्यात सुनंदा, माझी बायको, चहाला म्हणून आली.

“माझं पातेलं! आणि हे काय शिजवताय?”

“गंज निघतोय तारेचा.”

तिने पाण्यात बोट बुडवलं आणि उजेडात धरलं.

“अहो, कुंकू आहे हे. गंज कसला? रोज हाताळते मी. तेलही तरंगतंय वर.”

मी नितीनला फोन लावला.

“अरे, तुझ्या तारेला कुंकू कोण लावतं?”

“अण्णा. नवीन वस्तू आली की पूजा करतात. शिवाय दर शोच्या आधी नारळ फोडून.”

“दोन वेळा इथे आलास. बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे? पूजा म्हणजे काय प्रॉब्लेम असतो का, काका?”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. अण्णा कुंकू तेलात कालवतात. पाच तारांना नुसता टिळा लावतात. सर्वांत जाड ती थोरली, तिला मान म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट ओढतात. बासच्या साध्या तारेवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते, रिळावर दोरा असतो तशी. दोन वेढ्यांमधल्या फटीत हे तेल-कुंकू जाऊन बसलं की तार घुमायची बंद. नितीनच्या जुन्या बासला हा त्रास नव्हता, कारण त्याच्या तारा फ्लॅटवाऊंड होत्या. त्यांच्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. वरून गुळगुळीत, फडक्याने पुसता येतात.

मी तालमीच्या जागी जाऊन अण्णांना भेटलो.

“अण्णा, कुंकू लाकडाला लावा ना.”

“वाजता काय? लाकूड की तार?”

तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर होतं.

“चाळीस वर्षा लावतंय मी. तबल्याक काय झाला? पेटीक काय झाला? तुमचीच तार कच्ची.”

पूजा बदलणार नव्हती. तार बदलणं भाग होतं. सहा तारांचा फ्लॅटवाऊंड सेट मिळाला, त्यात जाड तार एकशे तीसचीच, पण चपट्या पट्टीमुळे वजनाला जड, म्हणून ताण पुरेसा. ती मी रुंद केलेल्या खाचेत खुळखुळली असती, म्हणून हाडाचा नवा नट घडवला. दोन दिवस गेले. चूक माझी होती, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी नव्हतं.

वाजवून बघताना नितीनचा चेहरा थोडा उतरला.

“गोल येतोय आवाज. यावर अंगठ्याने तार आपटून स्लॅप नाही होणार, काका.”

“किती गाण्यांत करतोस?”

“एका.”

“कुठल्या?”

“म्हणजे... प्रॅक्टिसला.”

रविवारी मी स्वतः घाटकोपरला गेलो. अण्णांनी नारळ फोडला, थोरलीवरून बोट ओढलं आणि हात जोडून पडद्याकडे वळले. नितीनने रुमाल काढून तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. पहिल्याच गाण्याला बास माझ्या खुर्चीच्या पाठीत जाणवला. मध्यंतरात अण्णा आमच्याकडे आले.

“मिया काय सांगलेलंय? जाड तार व्हयी!”

ही तार आधीच्यापेक्षा पंधरा हजारांश इंचाने बारीक होती. मी सांगणारच होतो, पण नितीनने माझा पाय दाबला. त्याची जागा राहिली. कीबोर्डवाला अजून डाव्या हाताने चहा पितो.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी तारेची जाडी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतो : तुमच्या तारेला बोटांशिवाय आणखी काय काय लागतं? चेंबूरच्या एका गृहस्थांनी हा अपमान समजून बास परत नेला. गेल्या आठवड्यात एकाने मात्र प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, “खोबरेल. आई म्हणाली, गंज धरत नाही.”

मी ते लिहून घेतलं.