एकेक घराची प्यादी

पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा आमच्या कामगार क्लबानं बुद्धिबळाची स्पर्धा भरवली. जिंकणारा पुण्याला कारखान्यातर्फे खेळणार होता. ती जागा मला हवीच होती. इंग्रजी पुस्तकातून सुरुवातीच्या खेळ्या पाठ केल्याची घमेंड अंगात काठोकाठ भरलेली.

शेवटचा डाव रविवारी सकाळी कँटीनमध्ये ठरला. समोर बसले कारखान्याच्या बागेतले माळीबाबा, मोशीचे. त्यांचा सगळा खेळ गावच्या देवळात, देशी नियमांनी झालेला. तिथं प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आमच्या स्पर्धेचे नियम विलायती होते; हात लावलेली सोंगटी हलवावीच लागे. ते त्यांना आदल्याच आठवड्यात समजावून दिले होते.

मी राजापुढचं प्यादं झोकात दोन घरं सरकवलं, घोडे काढले, उंट काढला. बाबा आपले एकेक घर प्यादी सरकवत राहिले. मला हसू आवरेना. दहाव्या-बाराव्या खेळीला ते आपोआप आवरलं. या सुरुवातीला माझ्या पुस्तकात उत्तरच नव्हतं. त्यांची प्यादी एकमेकांना धरून उभी, आणि मागून दोन्ही उंट माझ्यावर रोखलेले. माझं मधलं प्यादं गेलं, मग एक घोडा गेला. शाळेची पायरी न चढलेला माणूस इतक्या लांबचं कसं बघतो, या विचारानं मी थक्क झालो होतो. आपण हरतोय याचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात बाबांनी सवयीनं राजा उचलला, उडी मारायला. हात अर्ध्यावरच थांबला. पंच खिडकीपाशी चहा पीत होते. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. ठेवा परत, एवढं मी म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी पटाकडे बघत राहिलो.

"हात लागला, सायब," ते शांतपणे म्हणाले. "आता ह्योच हालवाया पायजे."

राजाला जायला एकच घर मोकळं होतं. तिथं माझ्या उरलेल्या घोड्याचा शह बसला आणि पुढच्याच खेळीत त्यांचा वजीर गेला. थोड्या वेळानं त्यांनी डाव सोडला, पटाला हात लावून नमस्कार केला आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

पुण्यात मी पहिल्याच फेरीत हरलो. परतल्यावर कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, आपल्याकडे तुझ्याहून चांगलं खेळणारं कुणी नव्हतं का?

नव्हतं, मी म्हणालो.