वरच्या पायरीवरची फवारणी

गटातले सगळे त्याला फौजदार म्हणायचे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत बिनविषारी भाजी पिकवणारी अकरा घरं, आणि हा त्यांचा प्रमुख. कोणाच्याही बांधावर न विचारता चढायचा, माती चुरगाळून बघायचा, कोपऱ्यात औषधाची रिकामी बाटली दिसली की घरच्यांची पाचावर धारण बसायची. "उतारावर राहतो आपण, एकाने घाण केली की खालच्या सगळ्यांच्या गळ्यात येते," हे त्याचं ठरलेलं भाषण. लोकांचे कान किटले होते ऐकून!

आणि हाच गृहस्थ! यंदा बटाट्यावर करपा आला, राख टाकून झाली, ताक फवारून झालं, कशाने हटेना. मग एका सकाळी धुक्यात कोणी बघत नाही असं पाहून गडी औषध मारून मोकळा झाला. त्याचं शेत सगळ्यांत वर. भाषण देणाऱ्याला एवढंही कळू नये? दोन दिवसांनी पाऊस झाला आणि वरचं पाणी नेहमीच्या वाटेने उतरलं ते थेट खालच्या पायरीवर, त्याच्या वहिनीच्या वाटाण्यात. भाऊ गेल्यापासून वहिनीचं घर त्या दोन पायऱ्यांवरच चालत होतं.

दर हंगामात चिठ्ठ्या टाकून एका शेताचा माल तपासायला जायचा; यंदा चिठ्ठी निघाली ती वहिनीच्या शेताची. आपली निघाली नाही म्हणून फौजदाराला हायसं वाटलं. खरंच वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली. नमुना नापास झाला.

माल निवडायच्या शेडमध्ये बैठक बसली. नियम साधा होता: औषध सापडलं की तीन वर्षं गटाबाहेर. तीन वर्षं वहिनीने खायचं काय? चिटणीसबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, "खरं सांगा, काही मारलं होतंत का?" वहिनी दर वेळी नाही म्हणाली.

"मग काय आभाळातून पडलं?" कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

फौजदार क्रेटची कड नखाने खरवडत बसला होता. शेवटी वहिनी उठून स्वेटरची बटणं लावू लागली. "काढा मला. भांडायचं बळ नाही आता."

"थांबा! औषध मी मारलं," तो एकदम ओरडला. "माझ्या बटाट्यावर. पाणी वहिनीच्या शेतात उतरलं."

चिटणीसबाईंनी गटाबाहेर काढायच्या कागदावरचं वहिनीचं नाव खोडलं आणि त्याचं लिहिलं.

बाहेर पायवाटेवर त्याने वहिनीला गाठलं. मान वर होत नव्हती. "वहिनी, माफ करा मला."

"मला माहीत होतं, भाऊजी. झऱ्यावर औषधाचा पंप धुताना पाहिलं होतं तुम्हाला."

"अहो, मग आत गप्प का राहिलात?"

"बोलले असते, तर तुम्ही सगळ्यांसमोर मलाच खोटं पाडलं नसतं?"

"छे छे" म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण चिठ्ठी निघाली तेव्हाचं ते हायसं वाटणं आठवलं, आणि त्याने ते मिटलं. वहिनी एकटीच उतरू लागली.