मामा वायरीचा रंग विचारत नाही

माझा मामा जुन्या मोटारसायकलींच्या वायरी जिभेला लावून बॅटरी जिवंत आहे की मेली ते सांगतो, अशी आमच्या गल्लीत बोलवा आहे. साफ खोटं. एकदा दोन्ही हात गुंतले होते म्हणून त्याने वायरीचं टोक दातांत धरलं, आणि नेमकं तेवढंच समोरच्या शिंप्याने पाहिलं. त्याला वीतभर कापड मिळालं की तो पायघोळ झगा शिवतो.

खरी गोष्ट जिभेची नाहीच, डोळ्यांची आहे. मामाला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. गॅरेजात पंधरा वर्षं हे कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं ते त्याची नक्कल करताना. त्याचं नाकातलं 'हंऽ', त्याचं 'डावीकडची दे, जाडी नव्हे, तिची बहीण', सगळं जमलं, आणि लक्षात आलं की या माणसाच्या बोलण्यात रंगाचं नावच येत नाही. विचारलं तर म्हणाला, "तुझ्या आईला सांगू नकोस. कच्चे टोमॅटो आणतो म्हणून ती मला वेंधळा समजते. वेंधळा परवडला, आंधळा नको."

मालकाला मात्र गिऱ्हाईकासमोरच कळलं. त्याने लाल वायर मागितली, मामाने हिरवी दिली.

"वायरमनला रंग दिसत नाहीत म्हणजे आचाऱ्याला चव कळत नाही. बरोबर?" मालकाचं प्रत्येक बोलणं 'बरोबर'वर येऊन थांबतं. "उद्यापासून वायरिंगचं टेबल सोड, पंक्चर काढ."

"नर्सबाईंची गाडी तेवढी बघू द्या," मामा म्हणाला.

गाडी माझ्या दुप्पट वयाची. नर्सबाई तिच्यावरून घरोघर इंजेक्शनं द्यायला जायच्या आणि दर तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरायची. दोन नव्या बॅटऱ्या बसवून झाल्या होत्या. गॅरेजातल्या दोघा मेकॅनिकांनी वायरिंगचा नकाशा अंथरून दोन दिवस घालवले, हाती काही लागलं नाही.

मालक म्हणाला, "दुरुस्त कर आणि तीन दिवस उभी ठेव. चौथ्या सकाळी बटणावर सुरू झाली तर टेबल तुझं, नाही तर पंक्चर. बरोबर?"

मामाने नकाशाची घडी करून बुडाखाली घेतली. चावी बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि मधे एक छोटा दिवा जोडला. दिवा मंद लागला.

"चावी बंद, तरी दिवा चालू. कुठेतरी पाणी मुरतंय गं."

मग एकेक जोड सोडवायचा, दिव्याकडे बघायचं, परत जोडायचा. हेडलाइटचा सोडवला, दिवा तसाच. हॉर्नचा सोडवला, तसाच. मेकॅनिक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. टाकीखालचा सतरावा जोड सोडवला आणि दिवा विझला.

ती वायर हिरवी होती. नकाशात हिरवी म्हणजे अर्थिंग, म्हणून दोघांनी तिला हातही लावला नव्हता. पण कुणा जुन्या कारागिराकडची लाल वायर संपली असणार. त्याने थेट बॅटरीपासून हिरवीच ओढली होती. वरचं आवरण झिजून ती गंजक्या पत्र्याला टेकली होती आणि करंट थोडाथोडा झिरपत होता. रंग बघणाऱ्यांना ती साळसूद वाटली. मामाला सगळ्याच सारख्या, म्हणून सगळ्यांची झडती.

वायर बदलून मामाने बॅटरीच्या टोकावर पितळी कट-ऑफ स्विचही बसवला. "ताई, लेकीकडे महिनाभर गेलात की हा फिरवून ठेवा, बॅटरी गाडीपासून तुटते," तो नर्सबाईंना म्हणाला. "पण इंजिन चालू असताना हात लावायचा नाही. बल्ब उडतील."

"मग हे तीन दिवस फिरवून ठेव की," मी कुजबुजले. "बॅटरी उतरणारच नाही."

"मग स्विच जिंकला. मी कुठे?"

आणि पठ्ठ्याने स्विच चालूच ठेवला, वर कागद चिकटवून त्यावर मालकाची सही घेतली. मला हे हात दाखवून अवलक्षण वाटलं. मी पैज लावली, गाडी सुरू होणार नाही. हरेल त्याने कोपऱ्यातल्या बारा जुन्या बॅटऱ्यांची टोकं गरम पाण्याने आणि टूथब्रशने घासायची.

चौथ्या सकाळी मालकाने स्वतः बटण दाबलं. पहिल्याच दाबात गाडी धडधडली. नर्सबाईंनी हॉर्न असा लांबवला की अर्धी गल्ली दारात आली. मालक मेकॅनिकांकडे वळला. "आजपासून आधी रंग बघायचा नाही, आधी दिवा लावायचा. बरोबर?"

"बरोबर," मामा म्हणाला, थेट मालकाच्या आवाजात. मालकसुद्धा हसला.

मी बाह्या सरसावल्या. बारा बॅटऱ्या म्हणजे चोवीस टोकं, हे पैज लावताना डोक्यातच आलं नव्हतं.